सावल्यांची बेरीज

आग्रा-मुंबई रस्ता इंदूर शहर सोडून महूच्या दिशेने निघतो, त्या वाटेवर भंवरकुआं नावाचा चौक लागतो. भंवर म्हणजे पाण्यातला भोवरा आणि कुआं म्हणजे विहीर. विहिरीचे काय झाले असेल ते असो. आज तेथे दिसणारा भोवरा वाहनांचा आहे. २०२१ साली या चौकाला तंट्या मामा भिल्ल यांचे नाव देण्याचे शासनाने जाहीर केले, तथापि लोकांच्या जिभेवर जुनेच नाव आहे. जवळच देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आहे, भोवताली शिकवणीवर्ग आहेत आणि माळव्याच्या खेड्यापाड्यांतून परीक्षांच्या तयारीसाठी आलेली हजारो मुले तेथे खोल्या घेऊन राहतात. त्यांतली कितीतरी मुले दुचाकीवरून फिरतात, आणि डोक्यावर शिरस्त्राण घालणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते.

अशा रस्त्यावर होणाऱ्या अपघातांचा एक प्रकार वैद्यकाच्या पुस्तकांत फार जुन्या काळापासून नोंदलेला आहे. तरुण मनुष्य वाहनावरून पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, कपड्यांवरची धूळ झटकतो, पाणी पितो आणि काही झाले नाही असे सांगून घरी जातो. दोनचार तासांनी त्याचे डोके विलक्षण दुखू लागते, वाचा अडखळते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तो पुन्हा शुद्ध हरपतो. कानशिलाच्या पातळ हाडाखाली एक रक्तवाहिनी असते. हाड तडकले की ती फाटते, आणि कवटी व मेंदूवरचे जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. ते रक्त वेळेवर काढले तर रोगी पायांनी चालत घरी जातो. न काढले तर मेंदू दबून तो दगावतो. सगळा प्रश्न एवढाच असतो की रक्त साचले आहे काय, कोणत्या बाजूला आणि नेमके कोठे?

या प्रश्नाचे उत्तर आज सी.टी. स्कॅन या यंत्राने काही मिनिटांत मिळते. ते इतक्या सहजपणे मिळते की पूर्वी ते मिळत नव्हते याचा विसर पडावा. इंदुरात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८७८ पासूनची आहे. महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले आणि १९५५ साली महाराजा यशवंतराव रुग्णालयाची भव्य इमारत रोग्यांसाठी खुली झाली. त्या वर्षी असा एखादा तरुण जगातल्या एखाद्या सामान्य रुग्णालयात आणला गेला असता तर डॉक्टरांच्या हाती काय होते? नाडी, डोळ्याच्या बाहुल्या, हातापायांची हालचाल, कवटीचे साधे क्ष-किरण चित्र आणि शेवटी हाडाला छिद्र पाडण्याचे गिरमिट. शल्यतज्ज्ञ अंदाजाने कानशिलापाशी छिद्र पाडी. रक्त सापडले नाही तर दुसऱ्या बाजूला पाडी. लंडन असो की मुंबई, रीत हीच होती.

क्ष-किरण असताना अशी लाचारी का? रॉन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाला हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी आढळले, आणि नाताळाला तीन दिवस उरले असताना त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्या चित्रात हाडे आणि बोटातली अंगठी दिसली, आणि साऱ्या जगाला वाटले की आता देहात झाकलेले असे काही उरले नाही. परंतु क्ष-किरणांचे चित्र म्हणजे अखेर सावली. सूर्य मावळताना झाड, कुंपण आणि गाय यांच्या सावल्या एकाच भिंतीवर पडाव्यात आणि पुढचे कोणते, मागचे कोणते हे कळू नये, तसे या चित्रात शरीराचे सर्व थर एकमेकांवर पडतात. हाडाची सावली दाट असते. मेंदू मऊ, रक्त मऊ, गाठही मऊ. त्यांच्या घनतेतला फरक इतका थोडा की फिल्मवर तो उमटत नाही. त्यातून हे सगळे कवटीच्या पेटीत बंद. आत नारळ सोललेला आहे की नासलेला, हे करवंटीची सावली पाहून कसे सांगावे?

मेंदू दिसावा म्हणून वैद्यकाने जे मार्ग शोधले त्यांची हकीकत आज ऐकवत नाही. बाल्टिमोर येथील वॉल्टर डँडी या शल्यतज्ज्ञाने १९१८ साली कवटीला छिद्र पाडून मेंदूतील पोकळ्यांमधला द्रव काढला आणि त्या जागी हवा भरली. हवेची सावली वेगळी पडते, म्हणून पोकळ्यांचा आकार दिसला; आणि पोकळी एका बाजूला सरकलेली असेल तर दुसऱ्या बाजूला गाठ असली पाहिजे असे अनुमान करता आले. पुढल्या वर्षी त्याने हीच हवा पाठीच्या कण्यातून वर चढवली. रोग्याला खुर्चीला पट्ट्यांनी बांधून, हवा मेंदूच्या सर्व कोपऱ्यांत पोहोचावी म्हणून, पुढे, मागे, उताणे, पालथे असे फिरवीत. ओकाऱ्या होत, डोके फुटेलसे वाटे, आणि ही वेदना हवा शरीरात जिरेपर्यंत कित्येक दिवस टिके. १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ याने मानेतील रोहिणीत औषध टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. ही रीत अधिक उपयोगी ठरली आणि सुधारलेल्या रूपात अजूनही वापरात आहे. मोनिझला १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र या कामाबद्दल नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूतले तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, जिच्या आठवणीने वैद्यक आज खाली मान घालते. पारितोषिकांची नजरही कधी कधी सावलीवरच असते.

सुमारे पन्नास वर्षे हे असे चालले. डॉक्टरांना दया नव्हती म्हणून नव्हे. दुसरा उपाय नव्हता म्हणून.

जो उपाय निघाला तो अधिक प्रखर किरणांचा नव्हता आणि अधिक चांगल्या फिल्मचाही नव्हता. तो हिशेबाचा होता. एक सावली पुरत नसेल तर अनेक बाजूंनी सावल्या घ्याव्यात आणि त्या सर्वांवरून आतली वस्तू गणिताने उभी करावी, ही ती कल्पना. ऐकायला ती अवघड वाटते, पण पाटीवर मांडून पाहिली तर शाळेतल्या मुलालाही समजते. श्रोत्यांनी चार खणांची एक बंद पेटी मनात आणावी. वरच्या ओळीत दोन खण, खालच्या ओळीत दोन. प्रत्येक खणात काही गोट्या आहेत. पेटी उघडायची नाही. फक्त बेरजा सांगितल्या जातील. वरच्या ओळीत १२ गोट्या, खालच्या ओळीत ८. डाव्या उभ्या रांगेत ११, उजव्या रांगेत ९. एवढ्यावरून खण ओळखता येतील काय? येणार नाहीत. वर ५ आणि ७, खाली ६ आणि २ असले तरी बेरजा जुळतात. वर ६ आणि ६, खाली ५ आणि ३ असले तरी जुळतात. पण आणखी एक बेरीज तिरकी घेतली, डावीकडच्या वरच्या खणापासून उजवीकडच्या खालच्या खणापर्यंत, आणि ती ७ निघाली, की शंका उरत नाही. पहिलेच उत्तर खरे. पेटी न उघडता आतले कळले. क्ष-किरण शरीरातून पार होताना वाटेतल्या प्रत्येक कणापाशी थोडेथोडे शोषले जातात. पलीकडे पोहोचणारा किरण म्हणजे त्या वाटेची बेरीजच होय. खण चारांऐवजी हजारो घ्यावेत आणि बेरजा सर्व कोनांतून, की सी.टी. स्कॅनचे सारे मर्म हाती आले.

हे शक्य आहे असे गणिताने १९१७ सालीच सिद्ध केले होते. योहान राडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञाच्या लेखात ते होते, पण तो लेख डॉक्टरांनी वाचण्याचे कारण नव्हते. १९५६ साली, म्हणजे इंदूरचे नवे रुग्णालय उघडून एक वर्ष होत असताना, दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठातील अ‍ॅलन कॉरमॅक नावाचा पदार्थविज्ञानाचा एक तरुण अध्यापक आठवड्यातून दीड दिवस ग्रूट स्खूर रुग्णालयात काम करू लागला. तेथील पदार्थवैज्ञानिक नोकरी सोडून गेला होता आणि कायद्याने अशा माणसाची देखरेख आवश्यक होती. कर्करोगावर किरणांचा मारा करताना डॉक्टर देह सर्वत्र सारखाच आहे असे धरून चालतात, हे पाहून तो अस्वस्थ झाला. हाड, फुप्फुस, स्नायू यांतून किरण सारखे कसे जातील? देहाच्या प्रत्येक भागाचे शोषण आधी मोजले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने राडॉनचे नाव न ऐकता तेच गणित पुन्हा शोधले आणि १९६३ व १९६४ साली दोन लेख छापले. प्रतिसाद जवळजवळ शून्य! लेखाची प्रत मागणाऱ्या थोड्या पत्रांत एक पत्र स्वित्झर्लंडमधील हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे होते.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यालाही या लेखांची वार्ता नव्हती. इंग्लंडमधील शेतकऱ्याचा हा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याने घेतली नव्हती. युद्धकाळात हवाई दलात त्याने रडारचे शिक्षण घेतले आणि पुढे ई.एम.आय. या कंपनीत गणकयंत्रे बनवली. १९६७ साली त्याला बंद पेटीची कल्पना सुचली. पहिले उपकरण त्याने लेथ यंत्राच्या सांगाड्यावर उभारले. एका वस्तूची सुमारे २८,००० मापे घ्यायला नऊ दिवस लागत आणि ती सोडवायला मोठ्या गणकयंत्राला अडीच तास. कत्तलखान्यातून आणलेले जनावराचे मेंदू त्याने तपासले. ही कंपनी ध्वनिमुद्रिकाही काढी, आणि बीटल्स या गायकांच्या कमाईतून हे यंत्र जन्मले असे मोठ्या आवडीने सांगतात. गोष्ट गोड आहे, पण खर्चाचा मोठा वाटा ब्रिटिश शासनाच्या आरोग्य खात्याने उचलला होता. सरकारी खात्यांवर गाणी रचली जात नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात, क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स अँब्रोज यांच्या देखरेखीखाली, एका स्त्रीचे डोके या यंत्रात ठेवले गेले. तिच्या मेंदूच्या पुढल्या भागात गाठ असावी असा संशय होता. चित्र ८० ओळी आणि ८० रांगांचे, म्हणजे अवघ्या ६४०० चौकटींचे. आजच्या लहान मुलाच्या खेळण्यातही याहून बारीक चित्र असते. पण त्यात गाठ होती. काळसर, गोल आणि स्पष्ट. शस्त्रक्रिया झाली तेव्हा गाठ जेथे दिसली होती तेथेच सापडली. कवटीला हात न लावता जिवंत माणसाचा मेंदू दिसला. १९७२ च्या एप्रिलमध्ये हे जाहीर झाले, आणि रोग्यांच्या मेंदूत हवा भरण्याची ती रीत त्यानंतरच्या काही वर्षांतच इतिहासजमा झाली. १९७९ साली कॉरमॅक व हाउन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथे एक भारतीय अध्याय आहे, आणि तो आपल्याकडे जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही. त्याच १९७१ साली, सप्टेंबर महिन्यात, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा पाच पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. रामचंद्रन हे मद्रास विद्यापीठात नावारूपाला आलेले शास्त्रज्ञ. त्वचा, हाडे व स्नायुबंध यांतील कोलॅजन या प्रथिनाची तिपेडी रचना त्यांनी १९५४ साली मांडली होती, आणि प्रथिनांच्या वळणांचा त्यांचा आलेख आज जगभर त्यांच्याच नावाने शिकवला जातो. सावल्यांवरून आकृती उभी करण्याचे प्रयत्न तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांसाठीही चालले होते, परंतु त्यातले गणित फार वळसे घेत जाई. साध्या रीतीने प्रत्येक सावली परत चौकटीवर पसरावी तर चित्र धूसर होते. पीठ सांडलेल्या ओट्यावर रांगोळी काढावी तसे. रामचंद्रन व लक्ष्मीनारायणन यांनी दाखवले की प्रत्येक सावलीला आधी एका ठरावीक सूत्राने संस्कार द्यावा, तिच्या कडा तीव्र कराव्यात, आणि मगच ती पसरावी. मग धूसरपणा आपोआप कापला जातो, आणि वळसाही वाचतो. रेडिओ-खगोलशास्त्रात ब्रेसवेल यांनी १९६७ साली अशीच वाट चोखाळली होती. पण रुग्णालयाच्या यंत्रांना या भारतीय लेखाने दिलेली रीत फार मानवली. हाउन्सफील्डचे पहिले यंत्र तिच्यावर चालत नव्हते. पुढल्या पिढ्यांची यंत्रे मात्र कित्येक वर्षे मुख्यतः याच मार्गाने चित्र घडवीत आली, कारण सर्व सावल्या येईपर्यंत थांबावे लागत नाही. एकेक सावली येते तशी ती हिशेबात घेता येते. अपघातातल्या रोग्यासाठी वाचलेली मिनिटे अशा पाच पानांतून आलेली असतात. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांतून आजही संगणकावर चित्र घडवताना त्या संस्काराची निवड करावी लागते, तेव्हा यादीत पहिलेच नाव पुष्कळदा ‘राम-लॅक’ असे असते. निवडणाऱ्याला ती दोन माणसांच्या नावांची अर्धुके आहेत हे ठाऊक असतेच असे नाही.

यंत्राने दिलेले चित्र हे मुळात आकड्यांचे असते, आणि त्या आकड्यांना हाउन्सफील्डचे नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे शंभराच्या आसपास, टणक हाड अधिक हजारच्या घरात. मेंदू तीस-चाळीस आणि नुकतेच साकळलेले रक्त साठ-सत्तर. हा तीस आकड्यांचा फरक फिल्मला दिसत नव्हता. यंत्राला दिसतो, आणि काळसर मेंदूत रक्त पांढरे उमटते. पक्षाघाताच्या उपचारात या फरकाने जी उलथापालथ केली तिला तोड नाही. एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल किंवा रक्तवाहिनी फुटली असेल. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात; निष्णात डॉक्टरही निव्वळ तपासून खात्रीने सांगू शकत नाही. उपचार मात्र परस्परविरुद्ध. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव झालेल्याला दिले तर ते विषच ठरते. ते औषध पक्षाघातावर उपयोगी पडते असे १९९५ साली सिद्ध झाले, पण आरंभापासून साडेचार तासांच्या आत आणि स्कॅन केल्यावरच ते देता येते. औषधाच्या कुपीइतकेच चित्र महत्त्वाचे ठरले. एखाद्या तालुक्याच्या गावी पक्षाघात झालेल्या माणसाला इंदूरला आणेपर्यंत ते साडेचार तास वाटेतच संपतात, ही आजची खरी अडचण आहे, आणि ती यंत्राची नव्हे.

डोक्यापुरते असलेले हे यंत्र १९७४ नंतर सर्व देहासाठी होऊ लागले. पूर्वी एकेक छेद घेताना रोग्याला श्वास पुन्हा पुन्हा रोखावा लागे. १९८९ च्या सुमारास मेज सरकत असताना नळी भोवती फिरत राहील अशी रचना निघाली आणि एका श्वासात छाती तपासता येऊ लागली. पुढे धडधडत्या हृदयाच्या रोहिण्याही दिसू लागल्या.

निदानाइतकेच उपचाराला ते उपयोगी पडले, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते. फुप्फुसातल्या किंवा यकृतातल्या खोल गाठीचा तुकडा सुईने काढायचा असेल तर सुईचे टोक कोठे आहे हे चित्रात पाहत ती आत नेता येते. पोटात साचलेला पू याच रीतीने, पोट न फाडता, नळीने बाहेर काढतात. आणि कर्करोगावरचा किरणोपचार? त्याचा आराखडा आता रोग्याच्या स्कॅनवरच आखला जातो. कोणत्या कोनातून किती मारा, वाटेत किती हाड, किती हवा, याचा हिशेब प्रत्येक चौकटीच्या आकड्यावरून होतो. ग्रूट स्खूरच्या त्या दीड दिवसाच्या नोकरीत कॉरमॅकला जो प्रश्न पडला होता, त्याचेच हे उत्तर होय.

भंवरकुआंपासून काही किलोमीटरवर राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ साली त्याची पायाभरणी झाली, आणि तेथील इंडस-२ या प्रचंड वर्तुळाकार यंत्रातून अतितेजस्वी क्ष-किरण निघतात. त्यांच्या एका वाहिनीवर वस्तूंच्या आतली रचना मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाने याच सावल्यांच्या बेरजेने पाहतात. तेथे रोगी नसतात. पण चौकातल्या शिकवणीवर्गात क्ष-किरणांची सूत्रे पाठ करणाऱ्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगितली तर त्यांच्या पाठांतराला थोडा जीव येईल.

क्ष-किरण निरुपद्रवी नाहीत, हे यंत्राच्या कौतुकात विसरून चालत नाही. छातीच्या एका साध्या क्ष-किरण चित्राच्या मानाने नेहमीच्या सी.टी. स्कॅनमध्ये कित्येक पटींनी अधिक किरण शरीरात जातात. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट आली तेव्हा इंदुरातही, इतर शहरांप्रमाणे, स्कॅन केंद्रांपुढे रांगा लागल्या. फुप्फुसाला पंचवीसपैकी किती गुण मिळाले हे लोक एकमेकांना दूरध्वनीवर परीक्षेच्या निकालासारखे सांगू लागले. सौम्य आजारात अशा स्कॅनने उपचार बदलत नव्हते. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक स्कॅन म्हणजे छातीची तीन-चारशे क्ष-किरण चित्रे, असे सांगून लोकांना सावध केले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने हा आकडा जुन्या यंत्रांना धरून असल्याचे म्हणून आक्षेप घेतला. आकड्यावर वाद झाला, पण विनाकारण स्कॅन करू नये याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत होते. त्याच वर्षी काळ्या बुरशीच्या रोगाने महाराजा यशवंतराव रुग्णालयातल्या खाटा भरल्या, तेव्हा मात्र बुरशी नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्याकडे की मेंदूकडे निघाली आहे हे शल्यतज्ज्ञांना अशाच चित्रांवरून ठरवावे लागले, आणि तेथे कोणी किरणांची मोजदाद केली नाही. लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर आजही अधिक थबकतात. वाढत्या पेशींना किरणांचा उपद्रव जास्त होतो, म्हणून मूल खाटेवरून पडले आणि शुद्धीत राहून खेळू लागले तर काही तास नजरेखाली ठेवणे त्यांना पसंत असते. ओकाऱ्या सुरू झाल्या, मूल पेंगू लागले किंवा बाहुल्या बिघडल्या की मग ते एक क्षण थांबत नाहीत.